जमिनीखालचे पाणी

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या महाविद्यालयात 'यशाची वाट' या विषयावर एक व्याख्यान झाले. अशा प्रसंगी वयाने पिकलेला व बोलण्यास सहसा नकार न देणारा एखादा प्राध्यापक अध्यक्षस्थानी बसवावयाचा, या संस्थेच्या जुन्या परिपाठाप्रमाणे ते स्थान आमच्या वाट्यास आले. व्याख्याते मोठे तरतरीत गृहस्थ होते. त्यांनी यशाच्या मार्गातील अडथळे एकामागून एक असे काही पाडून दाखविले की, हे अडथळे म्हणजे जत्रेतील नेमबाजीच्या फळीवर लावलेले फुगेच होत, असे ऐकणारास वाटावे. भांडवल नाही? तो फुगा फुटला. वेळ नाही? तोही फुटला. इंग्रजी येत नाही? त्याचाही तत्काळ निकाल लागला. मुले खूष झाली. खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ आली, तेव्हा मागच्या बाकावरून दुसऱ्या वर्षातील एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, अडथळा दिसला तर माणूस तो काढील. पण तो कुठे आहे हेच कळत नसेल, तर काय करायचं?"

व्याख्यात्यांनी हसून हा प्रश्न अध्यक्षांकडे वळविला. आम्ही एका इंग्रज ग्रंथकाराचे नाव घेऊन काहीतरी गोलमटोल बोललो, टाळ्या पडल्या, आणि मुलगी खाली बसली. परंतु ती समाधान पावून बसली नाही, हे तीस वर्षे वर्गापुढे उभे राहिलेल्या माणसास कोणी सांगावे लागत नाही. आणि मौज अशी की, तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरच्याच शेतात पडलेले होते. ते सांगावयाचे म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडावयाची, एवढ्याच भिडेने आम्ही त्या दिवशी इंग्रज ग्रंथकाराच्या आड दडलो. आता मात्र ती मांडण्याचे योजिले आहे.

आमचे मूळ गाव प्रवरेच्या डाव्या कालव्याखाली आहे. नगर जिल्हा म्हटला की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुष्काळच उभा राहतो. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे; आमच्या जिभेस जुनी सवय आहे, ती वाचकांनी सोसून घ्यावी.) दक्षिणेकडील तालुक्यांच्या बाबतीत हा समज पुष्कळ अंशी खराही आहे. पण उत्तरेचे तोंडवळे निराळे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत भंडारदऱ्यास प्रवरा अडविण्याचे काम १९१० साली सुरू झाले, आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्या धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीची दगडी भिंत! त्या काळी हे केवढे अचाट काम वाटले असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे. तेथून सुटलेले पाणी संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी दोन कालव्यांत विभागले जाते आणि राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या बाजूंस जाते. जेथे बाजरी आणि हुलगे यांपलीकडे माणसाची महत्त्वाकांक्षा जात नव्हती, तेथे ऊस उभा राहिला. हरेगावास बेलापूर कंपनीचा आणि पुढे टिळकनगरास दुसरा, असे खासगी साखर कारखाने निघाले, आणि लहान बागायतदारांची गुऱ्हाळे रात्रंदिवस धुराने कोंदू लागली.

आमच्या आजोबांची जमीन या पाण्याखाली आली, आणि घरात प्रथमच चार पैसे खेळू लागले. पाणी म्हणजे लक्ष्मी, हे समीकरण त्यांच्या मनात असे पक्के बसले की, कालव्याची पाळी आली असता शेतातील दारे कमी वेळ मोकळे ठेवणे त्यांस अन्नाचा अपमान केल्यासारखे वाटे. वरून आलेले पाणी सर्वांस दिसत होते. खाली जे साचत होते ते कोणासच दिसत नव्हते. प्रवरेकाठची काळी जमीन खोल व चिकट. तिच्यातून पाणी हळूहळू उतरते, खालच्या घट्ट थरावर जाऊन अडते, आणि निघून जावयास वाट नसली म्हणजे वर्षानुवर्षे चढत चढत मुळांशी येऊन पोहोचते. मग उन्हाने वरचे पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार तेवढे मागे राहतात. आमच्याकडे अशा जमिनीस प्रथम 'उपळट लागली' म्हणतात आणि पुढे तिच्यावर पांढरी बुरशीसारखी खपली दिसू लागली म्हणजे 'चोपण झाली' म्हणून हात झटकतात. दख्खनच्या कालव्यांवर हा रोग नवा नव्हता. नीरा कालव्याखाली तो पूर्वीच दिसला होता, आणि १९२० नंतरच्या काळात सरकारी इंजिनिअर निचऱ्याचे चर खणण्याच्या खटपटीत होते. परंतु इंजिनिअरांचे अहवाल इंग्रजीत असत आणि आजोबांचे शेत मराठीत होते.

आमच्या शेताच्या खालच्या अंगास 'आंब्याचा तुकडा' म्हणून दीड एकराचा तुकडा आहे. आता तेथे आंबा नाही. वडील सांगत की, प्रथम तो आंबा शेंड्याकडून वाळू लागला. आजोबा म्हणाले, वीज पडली असेल. मग तेथील ऊस पिवळा पडला. आजोबांनी नजर लागली म्हणून लिंबे-मिरच्या बांधल्या, आणि त्याबरोबरच अधिक शहाणपणाचा म्हणून दुसरा एक उपाय केला. पीक पिवळे पडते म्हणजे त्यास पाणी कमी पडते, असे धरून त्यांनी त्या तुकड्यास आणखी पाणी देण्यास आरंभ केला. जो जो पीक खंगे तो तो पाणी वाढे. जो जो पाणी वाढे तो तो पीक खंगे. लिंबांनी काही बिघडले नाही. बिघडले ते शहाणपणाच्या उपायाने. आजोबा आळशी नव्हते. गावातील सर्वांत कष्टाळू शेतकऱ्यांत त्यांची गणना होई. तो तुकडा त्यांच्या कष्टांनीच मेला.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ लावावयास मात्र पन्नाशी उलटावी लागली. दरम्यान याच आजोबांची दुसरी एक गोष्ट आहे, ती सांगण्यासाठी थोडे लोणीकडे वळले पाहिजे.

लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. भांडवल म्हणावे तर चारचौघा शेतकऱ्यांइतकेच. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे मंदीच्या दिवसांत गुळाचे भाव कोसळले, आणि ऊस लावणारा बुडतो व उसापासून साखर करणारा तरतो, हे कालव्यावरील सर्वांस उघड दिसू लागले. साखरेच्या धंद्यास सरकारने १९३२ साली संरक्षण दिल्यावर तर हा फरक अधिकच डोळ्यांत भरला. तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा, हा विचार आज आपणांस जितका सरळ वाटतो तितका तो त्या वेळी नव्हता. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि सहकारी कारखान्याची कल्पना तेथे जोराने पुढे आली. १९४८ साली प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाके फिरली. 'आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना' असे त्याचे वर्णन आमच्याकडे आवडीने करतात. आंध्रातील एटिकोप्पाक्यास असा कारखाना १९३० नंतरच्या दशकातच निघाला होता, तेव्हा ही बिरुदावली तंतोतंत खरी नव्हे. परंतु ज्यापासून पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली तो हा, यात शंका नाही. आणि प्रवरेची थोरवी पहिलेपणावर मुळीच अवलंबून नाही.

ती कशावर अवलंबून आहे, हे आम्हांस आजोबांच्या नकाराने शिकविले. विठ्ठलराव व त्यांचे सहकारी गावोगाव हिंडून भाग गोळा करीत होते, तेव्हा आजोबांनी भाग घेतला नाही. त्यांच्यापाशी पैसा नव्हता असे नव्हे. दोन वर्षे गूळ बरा गेला होता. वडिलांनी त्यांचे शब्द आम्हांस अनेकदा ऐकविले आहेत: "माणसं सोन्यासारखी आहेत रे. पण कागद कुणाचा झालाय आजवर?"

या एका वाक्यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास उभा होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि हा वणवा नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या बाजूंस पसरला. दंगेखोरांनी जीव घेण्यापेक्षा कागद घेण्याकडे अधिक लक्ष दिले, ही त्या दंग्यांतील विशेष गोष्ट अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. जो कागद आपणांस वाचता येत नाही आणि ज्यावर आपला अंगठा आहे, त्याचे भय ते केवढे! १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला; १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पण कायद्याने खत बदलते, खताविषयीचे भय बदलत नाही. आमचे आजोबा जन्मले ते त्या दंग्यांनंतर कितीतरी वर्षांनी, आणि उत्तरेकडील तालुक्यात; तरीही ते भय त्यांच्या रक्तात उतरले होते.

कारखान्यापुढील उघड अडचणी होत्या त्या कोणासही मोजून दाखविता आल्या असत्या: यंत्रसामग्री परदेशाहून आणावयाची, सरकारची परवानगी काढावयाची, लाखो रुपयांचे कर्ज उभे करावयाचे. या अडचणी खऱ्याच होत्या, आणि त्यांवर पुस्तकांत पुष्कळ पाने खर्चिली गेली आहेत. परंतु खरा अडथळा जमिनीखाली होता. शेतकऱ्याचा शेतकऱ्यावर, आणि दोघांचाही कागदावर, विश्वास नव्हता. चौथी शिकलेल्या विठ्ठलरावांनी हे ओळखले. अविश्वासू माणसास व्याख्यान देऊन विश्वास उत्पन्न होत नाही, उलट तो अधिक सावध होतो, हेही त्यांनी ओळखले असले पाहिजे. म्हणून की काय, पाणी वाढविण्याऐवजी त्यांनी चर खणला. कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे न घेता धनंजयरावांकडे दिले आणि आपण उपाध्यक्ष झाले. ज्याचा कालव्यावर एक गुंठा ऊस नाही, ज्याचे कोणाशी भाऊबंदकीचे वैर नाही, आणि ज्यास हिशेब वाचता येतो, असा एक परका, चष्मा लावणारा प्राध्यापक सभेच्या मध्यभागी बसला, म्हणजे कागद कोणाचा, या प्रश्नाचे निम्मे उत्तर न बोलता मिळाले. उरलेले निम्मे, प्रत्येक सभासदास एकच मत, या सहकाराच्या नियमाने दिले. प्राध्यापकवर्गाच्या उपयुक्ततेची ही गोष्ट आम्ही वर्गात थोड्या अभिमानानेच सांगत असू. धनंजयराव तेथे बोलण्यापेक्षा तेथे असण्याने अधिक उपयोगी पडले असावेत, हे त्यातले मर्म मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते. ते न आल्याचे फळ आमच्या धाकट्या भावास भोगावे लागले.

(आजोबांनी पुढे भाग घेतला, हे सांगितले नाही तर त्यांस अन्याय होईल. चिमणीचा धूर पहिल्याने दिसला त्या हंगामानंतर ते स्वतः लोणीस जाऊन आले. सहकारासही पुढे यशाबरोबर आपली उपळट लागली, राज्यातील कितीतरी कारखाने कर्जात रुतले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण तो निराळ्या निबंधाचा विषय आहे.)

आमचा भाऊ आमच्याहून नऊ वर्षांनी लहान. कृषी पदविका घेऊन त्याने २०११ साली नगर-मनमाड रस्त्यावर ठिबक सिंचनाचे साहित्य, नळ व विद्युत्पंप यांचे दुकान काढले. आम्ही आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम दिली आणि तिजबरोबर सुमारे तासभर उपदेश दिला: उधारी करू नये, खासगी कर्ज काढू नये, हिशेब रोजच्या रोज लिहावा. उपदेश निर्दोष होता. आजही त्यातील एक शब्द मागे घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही, आणि नेमके तेच त्याचे व्यंग होते.

दुकानात गर्दी असे. आम्ही सुटीत जात असू तेव्हा ती पाहून आमचा ऊर भरून येई. गर्दी आणि धंदा या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अर्थशास्त्राचा अध्यापक असून आमच्या लक्षात येऊ नये, यावरून माणसास आपल्या विषयाचा घरात कितपत उपयोग होतो हे कळून येईल. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचे. कोणी काका, कोणी मामा, कोणी वडिलांचा सोबती. "उसाचं पेमेंट आलं की देतो," एवढे म्हटले म्हणजे ठिबकचा संच ट्रॅक्टरवर चढे. नाही म्हणणे त्यास जमले नाही, आणि नाही म्हणता येत नाही हे आम्हांस सांगणेही जमले नाही. मालाची रक्कम तर कंपनीस वेळेवर भरावी लागे. तेव्हा त्याने शेकडा तीन दराने, म्हणजे दर महिना दर शेकडा, खासगी कर्ज काढले. आणि एका वहीच्या दोन वह्या झाल्या. एक गल्ल्यावर असे, ती आम्हांस दाखवावयाची. दुसरी खणात.

२०१८ साली दुष्काळ पडला, लोकांचे ऊस वाळले, वसुली थांबली. तिच्या पाठोपाठ २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली. मग काय विचारता! धंदा का बुडाला, याचे उत्तर अवघ्या गावाच्या ओठांवर तयार होते, आणि आम्हीही ते मोठ्या सहानुभूतीने उच्चारू लागलो. दुष्काळ, महामारी, सरकार, ही केवढी सोयीची कारणे! ती खोटी नसतात. म्हणूनच त्यांच्या आड दुसरे काही आहे की काय हे पाहण्याची कोणास बुद्धी होत नाही. आम्ही दर रविवारी फोन करून विचारत असू, "हिशेब काय म्हणतो?" तो म्हणे, "चाललंय, दादा." आम्ही मग पुन्हा काटकसर, वसुली, नियोजन यांवर बोलत असू. पीक पिवळे दिसत होते, आणि आम्ही पाणी देत होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या पत्नीचा फोन आला. ती आमच्याशी एरवी कामापुरतेच बोलते. त्या दिवशी ती म्हणाली, "दादा, एक सांगू का? तुम्ही त्यांना विचारणं बंद करा. म्हणजे ते सांगतील." आम्ही चकित होऊन म्हणालो, "अगं, विचारल्याशिवाय कसं कळायचं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही विचारता तेव्हा ते पेपर तपासून मिळायच्या वेळेस बसतात तसे बसतात. रात्री झोपत नाहीत."

आम्ही फोन ठेवला. प्रथम राग आला, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्या घरासाठी आम्ही एवढे केले त्या घराने आम्हांस असे बोलावे! रागाचा भर ओसरल्यावर एक जुनी गोष्ट आठवली. भाऊ दहावीस गणितात नापास झाला होता. वडील तोवर वारले होते, आणि निकालपत्रक पाहण्याचा अधिकार आमच्याकडे आला होता. आम्ही त्यास मारले नाही, रागेही भरलो नाही. ते पत्रक घडी करून परत दिले, आणि आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. आम्हांस तेव्हा हा मोठा संयम वाटला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही गावी गेलो व दुकानात जाऊन एका कोपऱ्यात नळांच्या गुंडाळ्यांवर बसलो. काही विचारावयाचे नाही, असा निश्चय होता. ज्याने तीस वर्षे बोलण्याचेच वेतन घेतले त्यास हा निश्चय किती जड गेला असेल, हे आमचे समव्यवसायी बंधू जाणतील. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटर अर्धे ओढल्यावर त्याने खण उघडला, दुसरी वही आमच्या मांडीवर ठेवली, आणि पाठ फिरवून तो पाण्याच्या माठाशी उभा राहिला.

वही नीट लिहिलेली होती. रोजच्या रोज, सुबक अक्षरात, एक पैचीही चूक नसलेली. अकरा लाखांहून अधिक उधारी. आणि घेतलेल्या कर्जाच्या मुदलाइतके तर व्याजच भरून झालेले. १८७५ चे दंगे आम्ही दरवर्षी दोन तासिकांत शिकवितो. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, हा हिशेब फळ्यावर मांडतो आणि मुलांस विचारतो, असा दर त्या शेतकऱ्याने का मान्य केला असेल? मुले म्हणतात, अज्ञानामुळे. आम्ही ते उत्तर बरोबर धरीत आलो. येथे तर पदविकाधारक, हिशेबात चोख, थोरला भाऊ अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि दर तोच.

"मला का नाही सांगितलंस?" हा प्रश्न शेवटी तोंडून निसटलाच. तो माठाकडेच पाहत म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणाला असता, मी सांगितलं होतं."

आणि आम्ही खरोखरच तसे म्हणालो असतो.

पुढील व्यवहार थोडक्यात सांगतो. दुकान बंद केले, माल विकला, आमच्या घराच्या कर्जफेडीनंतर शिल्लक होते त्यातून व थोडे दागिने मोडून मोठे कर्ज वारले. राहिली उधारी. ती भाऊ घरोघर जाऊन मागू लागला. यापूर्वी तो कधी मागावयास गेलाच नव्हता. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्यांस तो चुकवीत होता तेही त्यास चुकवीत होते. एका वृद्ध बागायतदाराने तर त्यास बसवून चहा दिला आणि म्हटले, "तू रस्ता बदलून जायचास, म्हणून मला वाटलं तूच माझ्यावर रागावलास. मग मी कुठल्या तोंडानं येऊ?" प्रत्येकाच्या खणात एक एक दुसरी वही होती. निम्म्याहून थोडी अधिक उधारी वसूल झाली. बाकीची झाली नाही, आणि आता होईल असे वाटत नाही.

आमच्याही खणात एक वही आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. नगर जिल्ह्यातील सहकाराच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहावयाचा, असे जाहीर करून आम्हांस एकोणीस वर्षे झाली. विचारणारास आम्ही सांगतो की, साधने मिळत नाहीत, तपासण्याच्या उत्तरपत्रिका फार, वेळ नाही. साधनांनी कपाटे भरली आहेत. पहिले प्रकरण सात वेळा लिहून झाले आहे. आपला ग्रंथ सामान्य निघेल, आणि तो सामान्य आहे हे आम्हांसच सर्वांआधी कळेल, या भीतीपायी आम्ही दरवेळी आणखी साधने जमवितो. आजोबांचा नातू शोभतो खरा.

त्या व्याख्यानानंतर दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा भावाने आंब्याच्या तुकड्याचा विषय काढला. दुकान गेल्यापासून तो शेतीच पाहतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात जाऊन तो भूमिगत निचऱ्याची पद्धत समजून घेऊन आला होता: जमिनीत सुमारे कंबरभर खोलीवर सच्छिद्र नळ्यांच्या ओळी घालावयाच्या, त्या एका मोठ्या नळास जोडावयाच्या, आणि तो नळ उताराने ओढ्यास नेऊन सोडावयाचा. खर्चाचा आकडा त्याने आपण होऊन सांगितला, आणि त्याचबरोबर किती कमी पडतात तेही सांगितले. आम्ही मान हलविली. अडचण खर्चाची नव्हतीच. ओढा आणि आमचे शेत यांमध्ये सहा जणांच्या जमिनी आहेत. एकट्याने आपली जमीन कोरडी करावी म्हटले तर ते शक्य नाही. खालच्याने वाट दिली तरच वरच्याचे पाणी निघते. त्यांपैकी चौघांच्या जमिनी आतून आमच्यासारख्याच झाल्या होत्या. पण तसे बोलावयाचे म्हणजे जमिनीची किंमत उतरावयाची, मुलांच्या सोयरिकी अडावयाच्या. म्हणून तिघांनी आपल्या पांढऱ्या पडलेल्या वावरास 'पडीक ठेवले आहे' असे नाव दिले होते. भावाने त्यांस काही समजावून सांगितले नाही. विद्यापीठातून मातीची परीक्षा करून आणलेला आपल्या शेताचा कागद त्याने सोसायटीच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखविला: सामू इतका, क्षार इतके, जमीन नापीक. आपलीच जमीन नापीक असल्याचा कागद कोणी असा चारचौघांत वाचतो की काय, म्हणून लोक पाहत राहिले. पंधरा दिवसांत दुसरे दोघे आपापल्या मातीच्या पिशव्या घेऊन राहुरीस गेले. वैशाखात सात जणांच्या जमिनींतून मिळून चर निघाला. त्यांपैकी एक जण अद्याप आमच्याशी बोलत नाही, कारण त्याच्या बांधावरची बोर चरात गेली.

यंदा आषाढात पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी भावाने फोन केला. "या," एवढेच म्हणाला. आम्ही दुपारपर्यंत पोहोचलो. ओढ्याच्या कडेस नळाचे तोंड उघडे होते, आणि त्यातून करंगळीएवढी धार अखंड पडत होती. पावसाचे पाणी गढूळ असते. हे स्वच्छ, नितळ होते. भावाने ओंजळ पुढे केली, घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे करून थुंकून टाकला.

"घ्या," तो म्हणाला.

आम्ही घेतला. खारट होते.